रॉक एकच, स्टेशनं पाच

अमेरिकेत नुकताच गेलेला मराठी मुलगा जुनी गाडी घेतो, रेडिओ लावतो आणि चक्रावतो. मोठ्या शहरात चार-पाच स्टेशनं स्वतःला रॉकचीच म्हणवत असतात. पण एकावर लेड झेपलिन, दुसऱ्यावर मेटॅलिका, तिसऱ्यावर रेडिओहेड आणि चौथ्यावर गिटार घेऊन हलक्या आवाजात गाणारी कुणी बाई. धंद्यातल्या माणसांकडे याची नावं तयार असतात. क्लासिक रॉक, ॲक्टिव्ह रॉक, अल्टरनेटिव्ह, ट्रिपल ए (म्हणजे 'ॲडल्ट अल्बम अल्टरनेटिव्ह'), शिवाय जुनं-नवं एकत्र वाजवणारं मेनस्ट्रीम रॉक. नावं ऐकून वाटतं की वाटणी संगीताची आहे. प्रत्यक्षात ती ऐकणाऱ्यांची आहे: त्यांचं वय काय, आणि ते पुरुष की बायका, यावर झालेली.

१९६७च्या आधी अशी वाटणी नव्हती, कारण रॉकचं असं वेगळं स्टेशनच जवळपास नव्हतं. तरुणांचा रेडिओ म्हणजे एएम. ओमाहाच्या टॉड स्टॉर्झने आणि टेक्ससच्या गॉर्डन मॅक्लेंडनने १९५०च्या दशकात रुळवलेली 'टॉप फॉर्टी' पद्धत देशभर पसरली होती. खपाच्या यादीतली तीच ती गाणी दिवसभर फिरवायची, मधे डीजेने, म्हणजे गाणी लावणाऱ्या निवेदकाने, धापा टाकत बोलायचं आणि गाणं तीनेक मिनिटांत आवरायचं. एफएमचा आवाज कितीतरी स्वच्छ होता, १९६१ पासून स्टिरिओलाही परवानगी होती. पण एफएमचे संच थोड्यांकडेच, म्हणून बरेच मालक एएमवरचाच कार्यक्रम तिथे जसाच्या तसा सोडून मोकळे होत. सरकारी दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, त्याला चाप लावला. एक लाखाहून जास्त वस्तीच्या शहरांत एफएमने निम्म्याहून अधिक वेळ एएमची नक्कल करायची नाही, हा नियम १९६७च्या सुरुवातीपासून लागू झाला. मालकांच्या गळ्यात अचानक रिकामा वेळ पडला, आणि तो स्वस्तात भरून हवा होता. रॉक रेडिओच्या इतिहासात गिटारवाल्यांची नावं भरपूर घेतली जातात. या रुक्ष नियमाची आठवण फारशी कुणाला होत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोचा टॉम डोनाह्यू हा टॉप फॉर्टीतलाच नावाजलेला डीजे. त्या पद्धतीला तो विटला होता. असं सांगतात की तो शहरातल्या एफएम स्टेशनांना एकामागून एक फोन करत गेला, आणि ज्या स्टेशनचा फोन तोडलेला निघाला तेच त्याने निवडलं. फोनचं बिल थकलंय म्हणजे मालक काहीही ऐकेल, हा हिशेब. ते स्टेशन केएमपीएक्स. तिथे परदेशी भाषांचे कार्यक्रम चालत, आणि लॅरी मिलर नावाचा एक निवेदक रात्रभर रॉक आणि लोकसंगीत वाजवू लागला होता. एप्रिल १९६७ मध्ये डोनाह्यू तिथे आला. संपूर्ण एलपीतलं, म्हणजे मोठ्या तबकडीतलं, कुठलंही गाणं, कितीही लांबीचं, एकापाठोपाठ एक, आणि मधे शांतपणे बोलणारा माणूस. पुढच्याच वर्षी कर्मचाऱ्यांनी संप केला आणि ती मंडळी केसॅन या स्टेशनवर गेली. मार्च १९६८ मध्ये बोस्टनच्या डब्ल्यूबीसीएनने हाच रस्ता धरला. या प्रकाराला 'फ्रीफॉर्म' किंवा 'प्रोग्रेसिव्ह' म्हणत. ऐकणारे कोण? कॉलेजातली मुलं, युद्धविरोधी मोर्च्यांतली, घरी चांगला स्टिरिओ असलेली. वय आणि चव तेव्हा एकाच ठिकाणी नांदत होती.

पुढे पैसा आला. एफएमचे संच वाढले, जाहिरातदारांना हा श्रोता हवासा झाला, आणि डीजेच्या मर्जीवर सोडलेला वेळ मालकांना धोक्याचा वाटू लागला. ली अब्राम्स हा विशीतला पोरगा तबकड्या विकत घेणाऱ्यांना प्रश्न विचारून उत्तरं गोळा करत होता: कोण, कुठला बँड, कुठलं गाणं. त्यावर बेतलेली पद्धत त्याने नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले शहरात डब्ल्यूक्यूडीआरवर लावली, आणि केंट बर्कहार्टसोबत भागीदारी करून 'सुपरस्टार्स' या नावाने देशभर विकली. हीच 'एओआर', अल्बमवर आधारलेली रॉक पद्धत. लांब गाणी राहिली, निवड डीजेच्या हातून गेली. लेड झेपलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' अमेरिकेत कधी सुट्या तबकडीवर विक्रीला आलंच नाही. आठ मिनिटांचं ते गाणं घरोघर पोचलं ते या एफएममुळे.

अब्राम्सला जुने फ्रीफॉर्मवाले आजही दूषणं देतात. मला ते अर्धंच पटतं. हवं ते वाजवणारा डीजे हुशार असेल तरच ऐकवतो, आणि सगळे डोनाह्यू नसतात. पण एका गोष्टीत ही पद्धत कोती निघाली. प्रश्न विचारले गेले ते मुख्यतः गोऱ्या तरुण पुरुषांना, म्हणून उत्तरंही त्यांचीच आली. जिमी हेंड्रिक्स सोडला तर काळे कलाकार या स्टेशनांवरून जवळपास गायब झाले, ज्या संगीतातून रॉक जन्मलं ते त्यांचंच असूनही. १९८३ मध्ये मायकेल जॅक्सनचं 'बीट इट' काही रॉक स्टेशनांवर वाजलं, तेही त्यात एडी व्हॅन हेलनची गिटार होती म्हणून. बायकांची दोन गाणी लागोपाठ लावायची नाहीत, हा अलिखित नियमही बरीच वर्षं चालला.

या श्रोत्यांचं टोकाचं दर्शन १२ जुलै १९७९ला शिकागोत झालं. स्टीव्ह डाल या डीजेचं स्टेशन डिस्कोकडे वळलं तेव्हा त्याची नोकरी गेली होती. तो 'द लूप' या ९७.९वरच्या रॉक स्टेशनवर आला. कोमिस्की पार्क या मैदानात बेसबॉलचे दोन सामने होते. डिस्कोची तबकडी आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या, अशी योजना निघाली. दोन सामन्यांच्या मधे तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवली, हजारो पोरं मैदानात घुसली, आणि दुसरा सामना यजमान व्हाइट सॉक्स संघाला सोडून द्यावा लागला. जाहिरातदारांना मात्र त्या दिवशी एक गोष्ट स्पष्ट दिसली असणार: हा गठ्ठा एकसारखा आहे आणि हाकेला ओ देतो.

गठ्ठा फुटला तो वयामुळे. १९६७ला वीस वर्षांचा असलेला माणूस १९८५ला अडतीसचा झाला. त्याला नवा गोंगाट नको होता, आपल्या कॉलेजातली गाणी हवी होती. डेट्रॉइटमध्ये काम केलेल्या फ्रेड जेकब्सने नेमकं हे हेरलं आणि १९८५ मध्ये मिशिगनमधल्या लॅन्सिंगजवळ डब्ल्यूएमएमक्यूवर क्लासिक रॉक सुरू केलं. जुनी गाणी वाजवण्याचे प्रयोग इतरत्रही झाले होते. जेकब्सने त्याचा विकता येईल असा साचा केला. नवीन गाणं अजिबात नाही. यादी काहीशे गाण्यांची, आणि तीही चाचणीतून गाळलेली. हॉटेलच्या हॉलमध्ये ठरावीक वयाची माणसं बोलवायची, प्रत्येक गाण्याचा काही सेकंदांचा ओळखीचा तुकडा ऐकवायचा आणि गुण घ्यायचे. ज्या तुकड्यावर चेहरे फुलत नाहीत ते गाणं बाद. क्लासिक रॉकवर तीच दहा गाणी का फिरतात, असं वैतागून विचारणाऱ्यांना उत्तर त्या हॉलमध्ये सापडेल.

दुसऱ्या टोकाला लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडीनात केआरओक्यू होतं. १९७९च्या सुमारास आलेल्या रिक कॅरोलने पंक आणि न्यू वेव्ह या नव्या रॉक प्रकारांना टॉप फॉर्टीचा वेग दिला. सप्टेंबर १९८८ मध्ये बिलबोर्ड या संगीतधंद्याच्या नियतकालिकाने 'मॉडर्न रॉक'ची, म्हणजे आजच्या अल्टरनेटिव्हची, वेगळी यादीच सुरू केली. तीन वर्षांनी निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम आला आणि कोपऱ्यातलं हे संगीत बाजारपेठेच्या मधोमध बसलं. इथला श्रोता विशीतला, शहरी, आणि क्लासिक रॉकच्या तुलनेत त्यात बायका बऱ्याच. ज्या पोरांना निर्वाणापेक्षा जड काही हवं होतं, त्यांच्यासाठी ॲक्टिव्ह रॉक निघालं: नवं हार्ड रॉक आणि मेटल, सकाळी चावट गप्पांचा कार्यक्रम, श्रोते प्रामुख्याने अठरा ते चाळिशीच्या आतले पुरुष, जाहिराती बिअरच्या आणि ट्रकच्या. ट्रिपल ए याच्या अगदी उलट. शिकागोचं डब्ल्यूएक्सआरटी किंवा सॅन फ्रान्सिस्कोचं तेव्हाचं केफॉग घ्या; यादी लांबलचक, आवाज मवाळ, ऐकणारे पस्तिशीपुढचे, शिकलेले, कमावते, स्त्रीपुरुष जवळपास सारखे. श्रोत्यांची संख्या लहान, खिसा जड. फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं डब्ल्यूएक्सपीएन तर श्रोत्यांच्या वर्गणीवरही चालतं.

१९९६च्या दूरसंचार कायद्याने ही वाटणी सिमेंटने पक्की केली. देशभरात किती स्टेशनं ठेवायची यावरची मर्यादा गेली आणि मोठ्या शहरात एका मालकाला आठपर्यंत स्टेशनं मिळू लागली. सॅन अँटोनियोची क्लिअर चॅनल ही कंपनी काही वर्षांत बाराशे स्टेशनांवर गेली. आता एकाच मालकाची तीन रॉक स्टेशनं एकमेकांची गिऱ्हाइकं खाणार नाहीत याची काळजी घ्यायची होती. बापासाठी एक, थोरल्यासाठी दुसरं, धाकट्यासाठी तिसरं, आणि तिन्हींच्या जाहिराती विकणारा माणूस एकच.

भारतात रेडिओ खासगी झाला तेव्हा असं काही होणं शक्यच नव्हतं. २००५च्या धोरणात एका कंपनीला एका शहरात एकच वाहिनी मिळे, परवाने महाग होते. ज्याच्या हाती एकच बाण, तो सर्वांत मोठ्या लक्ष्यावरच सोडणार. म्हणून मुंबई-पुण्यात जवळजवळ प्रत्येकाने हिंदी सिनेमाची गाणी धरली.

अमेरिकेत पुढे मोजण्याची तऱ्हाच बदलली. पूर्वी श्रोते डायरीत आठवून लिहीत, आणि आवडत्या स्टेशनचं नाव जास्तच लिहीत. २००७ मध्ये फिलाडेल्फियापासून कमरेला लावायचं यंत्र आलं, जे कानावर पडलेलं स्टेशन आपोआप टिपतं. लोक अनेक स्टेशनं थोडी थोडी ऐकतात, हे दिसलं. त्यात फोनवरची गाणी आली.

ऑगस्ट २००९ मध्ये डब्ल्यूबीसीएन एफएमवरून उतरलं. मालकांनी त्याची १०४.१ ही जागा आपल्याच दुसऱ्या संगीत स्टेशनला दिली, आणि त्या स्टेशनच्या ९८.५वर खेळांच्या गप्पांचं स्टेशन उघडलं. रॉकवाल्याच पुरुषांसाठी, फक्त रॉक वगळून. शिकागोचं 'द लूप' २०१८ मध्ये विकलं गेलं, आता ९७.९वर ख्रिस्ती भक्तिगीतं लागतात. केफॉगची जागा २०१९ मध्ये खेळांनी घेतली. आणि निर्वाणा? तो आता क्लासिक रॉकवर लागतो, कारण १९९१चा वीस वर्षांचा पोरगाही पन्नाशी ओलांडून गेला आहे.