पॉइंट टू-टू (.२२ लाँग रायफल काडतूस)

पॉइंट टू-टू म्हणजे साधारण .२२ इंची नळीसाठीचं छोटंसं काडतूस, पूर्ण नाव .२२ लाँग रायफल. एनसीसी केलेल्या कुणालाही विचारा, आयुष्यातली पहिली गोळी (आणि बहुतेकांची शेवटचीही) हीच झाडलेली असते, जमिनीवर पालथं पडून, २५ यार्डांवरच्या कागदावर, मोजून पाच राउंड.

आधी एक घोळ मिटवू. आपण सरसकट गोळी म्हणतो, पण रायफलीत भरतात ते अख्खं काडतूस (शब्द पोर्तुगीजांकडून आलाय), म्हणजे पितळेची पुंगळी, तिच्यात दारू आणि तोंडाशी बसवलेली शिशाची गोळी. चाप ओढला की पुढे जाते ती फक्त गोळी, पुंगळी मागेच राहते आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) खेचला की बाहेर उडते. पेपरात 'घटनास्थळी पुंगळ्या सापडल्या' असं येतं ना, तो हाच भाग, मोठ्या काडतुसांचा.

टू-टूची पुंगळी उलटी करून बूड बघा. मोठ्या रायफलीच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध वेगळी टोपी असते, तिच्यावर पिन आपटते. इथे टोपीच नाही. पेट घेणारं रसायन बुडाच्या पोकळ कडेत गोल भरलेलं असतं, पिन कडेवर आपटते, कड चेपते आणि तिथून दारू पेटते. म्हणून वापरलेल्या पुंगळीच्या कडेला एक बारीक चपटा खड्डा दिसतो. ती पुन्हा भरता येत नाही, संपला विषय. याला रिमफायर म्हणतात. स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये .२२ शॉर्ट आणलं, आणि अमेरिकेतल्याच स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये हे लाँग रायफल, जे आजही चालू आहे.

गोळीचं वजन ४० ग्रेन, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅम. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात (हेच रायफलिंग, नाव त्यावरूनच), साधारण १६ इंचांत एक वेढा, त्यामुळे बाहेर पडताना गोळी सेकंदाला आठशे गिरक्या घेत असते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते, नाहीतर हवेत कोलांट्या मारत गेली असती.

आता खरी गंमत. नेमबाजीची काडतुसं मुद्दाम मंद ठेवतात, सेकंदाला ३२०-३३० मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. जास्त वेगाची पण मिळतात, पण ती गोळी वाटेत आवाजाच्या वेगाखाली उतरताना हवेचे हिसके खाते आणि नेम विस्कटतो. मंद गोळीला तो त्रासच नाही. मात्र पडते जास्त. गोळी सरळ रेषेत जाते हा सिनेमावाला समज सोडा, नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडायला लागते, ५० मीटर जाईपर्यंत सुमारे १२ सेंटिमीटर पडते, म्हणून साइट (नेम धरायची खूण) अशी लावलेली असते की नळी नकळत थोडी वर बघते. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर कागदावर सात-आठ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि ५० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ अख्खं १०.४ मिलिमीटरचं! त्यामुळे मोठे नेमबाज एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट (एका वेळी बनवलेले गठ्ठे) स्वतःच्या नळीवर तपासून मगच पेट्या घेतात. वारा हा आणखी वेगळा वैताग, त्यासाठी रेंजवर छोटे झेंडे लावतात.

कोल्हापूरचं आणि या काडतुसाचं चांगलं जमतं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची (पालथं पडून झाडायचा प्रकार) वर्ल्ड चॅम्पियन झाली, आणि कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ब्राँझ आणलं, दोन्ही टू-टूवरच.

धक्का नावालाच आणि आवाज फटाक्याएवढा, म्हणून लोक याला खेळणं समजतात. तसं अजिबात नाही, नळी वर धरून सुटलेली गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, दगडावर किंवा पाण्यावर आपटून भलतीकडे उसळते, माणूस आरामात मरतो. भारतात ही रायफल ठेवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली लायसन लागतं.

आणि एनसीसीत फायरिंग झालं की पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. आमच्या कॅम्पला एक कमी भरली तेव्हा सगळे कॅडेट रांगेत बसून गवत चाळत होते, शेवटी ती एकाच्या दुमडलेल्या बाहीत सापडली.