अ‍ॅब्सर्ड कॉमेडी म्हणजे काहीही बडबड? नाही हो

गणपतीत स्किट बसवताना आमच्या बेळगावच्या शहापूर-टिळकवाडीकडं एक वाक्य ठरलेलं, अ‍ॅब्सर्ड कॉमेडी काय, तोंडाला येईल ते बडबडायचं. साफ चूक. माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी कंपूचं 1969चं मेलेल्या पोपटाचं स्किट घ्या. त्याचं मूळ 1968च्या एका प्रोग्रॅममधल्या स्किटमध्ये आहे, तिथं गाडी बिघडलेली आणि विकणारा कबूलच करत नाही. त्या कंपूतल्या जॉन क्लीज आणि ग्रॅहम चॅपमननी तेच परत घासून लिहिलं, गाडीच्या जागी पोपट आला. वेडेपणा तेवढा एकच, मेलेला पोपट दुकानदार जिवंत म्हणतोय, बाकी गिऱ्हाइकाशी भांडण खडेबाजारातल्यासारखंच, माल परत घ्या, काय झालंय त्याला, झोपलाय तो, आणि पोपट काउंटरवर आपटला तरी दुकानदार हटत नाही, हसू त्या हट्टाचं येतंय (पोपटाचं नव्हे!). मधेच हत्ती, मग चंद्रावरनं फोन असलं घुसडलं की पब्लिक उठून भजी खायला जातंय.