गल्लीतला क्रूस आणि बुधवारची रांग

मुंबईच्या जुन्या गावठाणांत, वांद्र्यात, माझगावच्या म्हातारपाखाडीत, गिरगावच्या खोताच्या वाडीत, वळणावर कुठेतरी एक क्रूस उभा असतो. मे महिन्यात संध्याकाळी आसपासची माणसं तिथे जमतात, मेणबत्त्या लावतात, माळेचे मणी सरकतात, लादीन, म्हणजे येशूची आई मरिया हिला आळवणारी प्रार्थना, म्हटली जाते. पाद्री हजर असायलाच हवा असं नाही. बऱ्याचदा एखादी म्हातारी बाई प्रार्थना सुरू करते आणि बाकीचे मागून म्हणतात.

ही सवय जुनी आहे. 1739 मध्ये वसई मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज सत्तेबरोबर युरोपीय पाद्रीही निघून गेले आणि साष्टी-वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबांना थोड्याशा एतद्देशीय पाद्र्यांवर भागवावं लागलं. चर्चमधली उपासना तेव्हा लॅटिनमध्ये असे, आणि ती कोळी-शेतकरी माणसाला कशी समजावी? तोंडपाठ होऊन टिकली ती घरातली प्रार्थना. आईकडून लेकीकडे गेलेल्या या प्रार्थनेनेच इथली श्रद्धा सांभाळली, असं मला मनापासून वाटतं.

मोत माउलीची, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीची, कथाही त्याच काळातली. त्या धामधुमीत वांद्र्याच्या टेकडीवरचं देऊळ पडलं आणि मरियेची मूर्ती समुद्रात गेली. पुढे ती कोळ्यांना सापडली, असं परंपरा सांगते. आजची इमारत 1904 ची आहे. 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी तिथे जत्रा सुरू होते. पायऱ्यांजवळच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, घर, तान्हं बाळ मिळतं. ज्याला जे मागायचं, ते तो हातात घेऊन वर चढतो. शब्द सापडत नसलेल्या माणसाची प्रार्थना मी यापेक्षा स्पष्ट कुठे पाहिली नाही.

मग 1896 चा प्लेग आला. सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. लाखो लोक शहर सोडून पळाले. सरकारी पथकं घरं तपासू लागली, माणसांना उचलून रुग्णालयात आणि छावण्यांत नेऊ लागली. औषध हाताशी नव्हतं. या भीतीत गावठाणांतली माणसं क्रुसाभोवती एकत्र आली. कुणी रक्षणासाठी नवस केला, कुणी वाचल्याबद्दल आभार मानले, आणि मुंबईतले कितीतरी क्रूस त्याच दिवसांत उभे राहिले. प्रार्थनेने प्लेग थांबला असा दावा मी करणार नाही. पण ज्या आळीत दर दिवशी कुणीतरी मरत होतं, तिथे संध्याकाळी शेजाऱ्याचा आवाज आपल्या आवाजात मिसळला की माणूस रात्र काढू शकत होता. तेही सामर्थ्यच आहे.

इथवरची गोष्ट कॅथलिकांची, म्हणजे पोपला मानणाऱ्या ख्रिस्त्यांची. त्यांच्यापासून वेगळ्या झालेल्या प्रॉटेस्टंट मंडळींची वाट वेगळी. 1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. 1826 मध्ये त्यांच्या मिशनचा मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा भाग, छापला गेला. ख्रिस्ताने शिकवलेल्या प्रार्थनेत मराठी माणूस आजही रोजची ‘भाकर’ मागतो, आणि त्या एका शब्दाने ती प्रार्थना चुलीजवळ येऊन बसते. 10 फेब्रुवारी 1895 ला नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईतच झाला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांच्या अभंगांमुळे आणि भजनांमुळे टाळ-मृदंगावर देवाला आळवणं ख्रिस्ती घरांत रुळलं. कॅथलिकांना मराठीत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ऐकायला मात्र 1962 ते 65 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच मिळाली.

त्याआधीच, 8 सप्टेंबर 1948 ला, माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारचा नोव्हेना सुरू झाला होता. सलग नऊ बुधवार यायचं, निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेपुढे, म्हणजे मरियेपुढे, मागणं ठेवायचं. आज पहाटेपासून रांग लागते, आणि रांगेत हिंदू, मुसलमान, पारशी सगळे असतात. लोक चिठ्ठ्या लिहून आणतात: नोकरी, परीक्षा, भाड्याची खोली, दारू सोडलेला नवरा, उशिरा झालेलं मूल. आभाराच्या चिठ्ठ्या नोव्हेनाच्या वेळी वाचून दाखवतात, आणि तेवढा वेळ सगळं चर्च कुणा अनोळखी माणसाच्या घरची बातमी कान देऊन ऐकतं.