कवितेच्या शेवटच्या चरणावर काटा का येतो?

कविता ऐकताना अंगावर येणारा काटा मोजता येतो. फ्रँकफर्टच्या मॅक्स प्लँक संस्थेतील संशोधकांनी ऐकणाऱ्यांच्या त्वचेवर कॅमेरा रोखून तो टिपला आणि निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. काटा ओळीच्या, कडव्याच्या आणि कवितेच्या शेवटाशी जास्त वेळा येत होता. शिवाय सुखाची चाहूल लागली की सक्रिय होणारे मेंदूचे भाग काटा येण्याच्या काही सेकंद आधीच कामाला लागलेले दिसले. कवितेच्या ओढीचं मोठं कारण मला इथेच दिसतं: कविता आपल्याला वाट पाहायला लावते.

कशी, ते तुकोबांच्या चार चरणांत पाहू. ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया’. अक्षरं मोजा: सहा, सहा, सहा, चार. पहिल्या दोन चरणांत कानाला सहाची सवय लागते. ‘विटेवरी’ला ‘कटावरी’चं यमक मिळतं, म्हणजे अपेक्षा पुरी होते. चौथ्या चरणालाही कान सहा अक्षरं धरून बसतो, पण चारावरच थांबावं लागतं. उरलेल्या जागेत शांतता येते आणि विठ्ठलाची मूर्ती तिथे उभी राहते. सहा-सहा-सहा-चार अशा या रचनेला ‘मोठा अभंग’ म्हणतात; त्याची सारी ताकद या आखूड चरणात आहे.

ही बांधणी स्मरणालाही सोयीची. पुढच्या शब्दाला अर्थ एकीकडून बांधतो, यमक दुसरीकडून आणि अक्षरसंख्या तिसरीकडून. त्यामुळे विसरलेला शब्दही सहसा सापडतो. जात्यावर बसलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ओव्या जपल्या त्या अशाच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पात अशा लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या.

कवी फ्रेडरिक टर्नर आणि मेंदूचे अभ्यासक अर्न्स्ट पॉपेल यांनी १९८३ मध्ये मांडलं की अनेक भाषांत कवितेची ओळ म्हणायला साधारण तीन सेकंद लागतात; एका दमात मन जेवढं एकसंध पकडतं, तेवढाच हा काळ. म्हणून बातमीसारखी नजर फिरवत वाचली की कविता कोरडी लागते: अपेक्षा तयार व्हायला वेळच मिळत नाही. मोठ्याने वाचा, ओळीअखेर क्षणभर थांबा. पहिल्या वाचनात अर्थाच्या मागे लागू नका. लय दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात बसते.

लिहिण्याची ओढ थोडी वेगळी. कवी कविता रचत असताना त्यांच्या मेंदूची चित्रं घेणारा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. रचना सुचताना, विशेषतः मुरलेल्या कवींमध्ये, नियंत्रण ठेवणारे भाग मंदावले आणि दुरुस्तीच्या वेळी पुन्हा सक्रिय झाले. स्वतःशी निगडित विचारांत गुंतणारा कपाळामागचा मधला भाग मात्र दोन्ही वेळा जागा होता. नवख्यांची कविता बरेचदा अडते ती दोन्ही कामं एकदम केल्याने: ओळ पुरी होण्याआधीच ती खोडली जाते.

पहिला खर्डा न थांबता उतरवा. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी करा, तेव्हा अक्षरं मोजा आणि प्रत्येक यमकाचा शब्द काढून पाहा. तो काढल्यावर अर्थाचं काहीच बिघडत नसेल, तर तो केवळ जुळणीसाठी आलेला आहे. अशा वेळी त्या शब्दाशी झगडू नका, त्याच्या आधीची ओळ बदला. चुकीच्या शब्दावर संपणारी तीच असते.