टाकी वेगळी, पीएसए प्लांट वेगळा

मोठ्या हॉस्पिटलच्या मागे उंच पांढरी टाकी दिसली की बऱ्याच जणांना वाटतं तिथेच ऑक्सिजन बनतो, तर तसं नाहीये. टाकीत नुसता साठा असतो, उणे १८३ डिग्रीच्या आसपास थंड केलेला लिक्विड ऑक्सिजन, तो कारखान्यातून टँकरने येतो आणि शेजारच्या व्हेपोरायझरमध्ये गॅस होऊन पाईपने वॉर्डात जातो. त्या व्हेपोरायझरवर भर उन्हाळ्यातही बर्फ जमलेला दिसतो बघा. एक लिटर लिक्विडचा साधारण ८६० लिटर गॅस होतो, म्हणजे थोड्या जागेत भरपूर साठा, आणि लाईट गेली तरी अडत नाही.

पीएसए (प्रेशर स्विंग अ‍ॅडसॉर्प्शन) प्लांट म्हणजे हवेतून तिथल्या तिथे ऑक्सिजन वेगळा करणारं शेडमधलं मशीन. कॉम्प्रेसर हवा ओढतो, झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात, उरतो तो ९३ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन, पेशंटला तेवढा चालतो. टँकरची वाट बघायला नको, पण लाईट गेली की प्लांट बंद, आणि हवा कोरडी करणारा ड्रायर बिघडला तर ओलाव्याने झिओलाइट खराब होऊन शुद्धता घसरत जाते, मीटर कुणी बघितलाच नाही तर मास्कमधून काय जातंय ते कळतही नाही. शिवाय प्लांट आहे म्हणून सिलेंडर भरून मिळतीलच असं नाही, प्लांटचं प्रेशर चार-पाच बार आणि सिलेंडरला दीडशेच्या आसपास लागतं, त्याला वेगळा बूस्टर पाहिजे.

टाकीचा धोका नाशिककरांना सांगायला नको. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या झाकीर हुसेन हॉस्पिटलात टाकीला गळती लागली, आवारात पांढरं धुकं पसरलं, वॉर्डातलं प्रेशर पडलं आणि ऑक्सिजनवरचे २२ पेशंट त्याच दिवशी गेले. म्हणून टाकी असो की प्लांट, जोडीला भरलेले जम्बो सिलेंडर पाईपलाईनला जोडून तयार पाहिजेतच, यावर मी तडजोड करणार नाही. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या एका पेशंटला सात हजार लिटरचा एक जम्बो साडेअकरा तास पुरतो, तेवढ्यात दुरुस्ती होऊ शकते.

शहरात टँकर सहज येतो, तिथे टाकी बरी. सुरगाणा, पेठसारख्या घाटापलीकडच्या तालुक्यांना मला प्लांटच योग्य वाटतो, पण जनरेटर आणि शिकलेला टेक्निशियन असेल तरच. आफ्रिकेतल्या कितीतरी हॉस्पिटलांत प्लांट आहेत पण पार्ट आणि माणूस नाही म्हणून बंद पडलेत. तुमच्या तालुक्यात प्लांट असेल तर जाऊन एवढं विचारा, जनरेटर प्लांटला जोडलाय का आणि शुद्धतेचं रीडिंग रोज कोण लिहितं.