दीडशे जणांच्या वर्गात प्रश्न कसा टाकावा

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला हा प्रश्न द्या. रुग्णाचं हिमोग्लोबिन 100 मिलिलिटर रक्तामागे 15 वरून 7.5 ग्रॅमवर आलंय, फुफ्फुसं ठणठणीत आहेत. धमनीतल्या रक्तात काय निम्म्यावर येईल: (अ) ऑक्सिजनचा दाब, (ब) हिमोग्लोबिनची संपृक्तता (त्याच्या किती टक्के जागा ऑक्सिजनने भरल्यात), (क) ऑक्सिजनचं एकूण प्रमाण, की (ड) तिन्ही?

उत्तर ‘क’. दाब आणि संपृक्तता जवळपास तशीच राहतात. 100 मिलिलिटर रक्तातला ऑक्सिजन मात्र सुमारे 20 मिलिलिटरवरून 10 वर येतो. तिन्ही व्याख्या पाठ असलेला विद्यार्थीही इथे ‘ड’कडे ओढला जातो, आणि नुसतं व्याख्यान चालू असतं तेव्हा हा गोंधळ शिक्षकाला दिसतच नाही.

असे प्रश्न वापरण्याची नीट बांधलेली पद्धत हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी 1991 पासून रुळवली. दहा-बारा मिनिटं शिकवायचं, मग प्रश्न. एक मिनिट पूर्ण शांतता. प्रत्येकाने एकट्याने ठरवायचं. इशारा होताच सगळ्यांनी एकदम रंगीत कार्ड छातीशी धरायचं (डोक्यावर धरलं की मागचे बघून ठरवतात). बरोबर उत्तरं 30 टक्क्यांहून कमी असतील तर चर्चेत अर्थ नाही, मुद्दा पुन्हा शिकवा. 70 च्या वर असतील तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे चला. मधल्या पट्ट्यात असतील तर वेगळं उत्तर असलेला शेजारी गाठून दोन-तीन मिनिटं वाद घालू द्या, पुन्हा कार्डं मागा आणि मगच उलगडा करा. पायऱ्यांच्या सभागृहात बाकं हलत नाहीत. एकाआड एक रांगेने मागे वळायचं, काम भागतं.

फसतं कुठे? पहिल्या फेरीचे आकडे पडद्यावर दाखवले की वाद संपतो, बहुमत जिंकतं. शांततेचं मिनिट गाळलं तर हुशार मुलगी बोलते आणि बाकीचे मान डोलावतात. पण सर्वांत मोठी चूक प्रश्नातच असते: ‘हिमोग्लोबिनच्या रेणूत लोहाचे अणू किती?’ यावर वाद काय घालणार?

एका प्रश्नाला सात मिनिटं धरा. 50 मिनिटांच्या तासात तीनच बसतात, आणि शिकवायला उरतात 29. वर्गीकरणं आणि कारणांच्या याद्या आदल्या दिवशीच्या वाचनाला ढकलाव्याच लागतात. आपल्याकडच्या वैद्यकीय शिक्षणाच्या 2019 च्या नियमावलीतही निव्वळ व्याख्यानं एकूण वेळेच्या एक तृतीयांशाहून जास्त नकोत असंच म्हटलं होतं.

विद्यार्थी कुरकुरतील. 2019 मध्ये हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या वर्गांत झालेल्या प्रयोगात अशा तासांना बसलेल्यांनी चाचणीत जास्त गुण मिळवले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. हा निष्कर्ष पहिल्याच तासाला सांगून टाकावा.