गोगलगाय, पोटात पाय, तोंडात काय?

घोडबंदर रोडवरच्या किंवा नेरूळ-वाशीच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे माशांबरोबर प्रवाळंही वाढवायची काचेची टाकी, सांभाळणारा माणूस माशांना फारसा घाबरत नाही. मासा निवडून, भाव करून, स्वतः आणलेला असतो. त्याची झोप उडते ती न आणलेल्या पाहुण्यांमुळे. रात्री उशिरा टॉर्च मारावा, तर काचेवर इवले इवले शंख हिंडताना दिसतात. काल दहा होते, आज मोजता येत नाहीत. मग ग्रुपवर फोटो जातो आणि पाच मिनिटांत उत्तरं येतात. त्यातली निम्मी एकच सांगतात: मारून टाका.

माझं म्हणणं एवढंच, की मारण्याआधी ती काय खाते ते बघा. गोगलगाय शत्रू आहे की नोकर, हे तिच्या शंखावरून क्वचितच कळतं. तोंडावरून बहुतेक वेळा कळतं. आणि शत्रू निघालीच, तर तिचा बंदोबस्तही तिच्या खाण्यातच सापडतो.

या येतात कुठून? लाइव्ह रॉकच्या, म्हणजे बारीक जीवांनी भरलेल्या समुद्री खडकाच्या भोकांतून, प्रवाळाचा तुकडा ज्या छोट्या चकतीवर चिकटवलेला असतो त्या फ्रॅग प्लगखालून, आणि पुष्कळदा अंड्यांच्या रूपात. पारदर्शक जेलीचा एक ठिपका, त्यात डझनावारी अंडी. साध्या डोळ्यांना तो शेवाळाचा थेंब वाटतो. मालवणहून स्वतःच एखादा दगड आणावा असा विचार कुणाच्या मनात असेल तर तो तिथेच सोडावा. गोगलगायींचा प्रश्न नंतरचा. आपल्याकडची कठीण प्रवाळं 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला.

बहुतेक गोगलगायींच्या तोंडात रॅड्युला नावाची पट्टी असते, तिच्यावर सूक्ष्म दातांच्या ओळी. ही पट्टी पुढेमागे फिरवत त्या काचेवरचं शेवाळ खरवडतात. भिंग घेऊन काचेच्या बाहेरून पाहिलं तर तोंड उघडमीट करताना दिसतं आणि मागे शेवाळात नागमोडी स्वच्छ पट्टा उरतो. असा पट्टा दिसला की निम्मी काळजी मिटली. कोलोनिस्टा ही काही मिलिमीटरची गोल गोगलगाय रात्री झुंडीने बाहेर पडते आणि नाहक बदनाम होते. स्टोमॅटेलाचा शंख अंगापेक्षा लहान, त्यामुळे ती शेंबड्या किड्यासारखी दिसते. डिवचली तर पायाचा मागचा तुकडा टाकून पळते. सेरिथ ही लांबट, टोकदार शंखाची. ऐरोलीला खाडीकाठी ओहोटीच्या वेळी चिखलावर जे टोकदार शंख सरपटताना दिसतात, ते तिच्या दूरच्या गोतावळ्यातले. या तिघीही शेवाळ आणि उरलंसुरलं खातात. त्यांची संख्या वाढली तर त्याचा अर्थ एवढाच, की टँकमध्ये खाणं जास्त पडतंय. माशांना टाकता त्यातलं थोडं कमी करा, काच पुसा, काही आठवड्यांत त्या आपोआप बेतात येतात. हिशेब त्यांचा चुकत नाही, आपला चुकतो.

आता खऱ्या शत्रूंकडे येऊ. त्यातली सर्वात चिवट आणि, मला विचाराल तर, सर्वात विलक्षण म्हणजे व्हर्मेटिड. ही गोगलगाय आहे यावर आधी विश्वासच बसत नाही. पिल्लू असताना तिला नीट वळणदार शंख असतो. मग ती एका जागी शंख खडकाला चिकटवते, आणि त्यानंतरची वाढ वळण सोडून वेडीवाकडी, नळीसारखी होत जाते. जन्मभर हलायचं नाही. मग खायचं काय? आपल्या कोळी बांधवांचं डोल जाळं आठवा. खुंटांना बांधून ठेवायचं, भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी आणून घालतो. व्हर्मेटिड तेच करते, फक्त जाळं स्वतःच्या चिकट स्रावाचं. पायातल्या ग्रंथीतून निघालेले धागे पाण्यात सोडायचे, तरंगते कण अडकू द्यायचे, आणि थोड्या वेळाने जाळ्यासकट सगळं ओढून गिळायचं. वीणही याच जाळ्यावर चालते. नर शुक्राणूंची पुडकी पाण्यात सोडतात, ती मादीच्या जाळ्यात अडकतात, आणि अंडी मादी आपल्या नळीतच सांभाळते. काही जातींची पिल्लं तर थेट रांगतच बाहेर पडतात. एका टँकमध्ये एक नळी होती तिथे वर्षभरात शंभर का दिसतात, याचं उत्तर इथे आहे.

हे धागे शेजारच्या प्रवाळावर पडले की त्याचे पॉलिप, म्हणजे ज्यांचं प्रवाळ बनतं ते तोंडवाले इवले जीव, मिटतात. सतत मिटलेला पॉलिप ना धड खातो, ना उजेड घेतो. हा केवळ हौशी लोकांचा भ्रम नाही. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटाभोवती शिमा, ओसेनबर्ग आणि स्टिअर या संशोधकांनी एका मोठ्या व्हर्मेटिडचा अभ्यास केला आणि 2010 मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिच्या सहवासात प्रवाळांच्या सांगाड्याची वाढ 81 टक्क्यांपर्यंत आणि तगून राहण्याचं प्रमाण 52 टक्क्यांपर्यंत घटलेलं आढळलं. ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा. सगळ्या प्रवाळांना सारखाच फटका बसला नव्हता. आपल्या टँकमधल्या जाती त्या मानाने बारक्या, नळ्या काही मिलिमीटरच्या. पण टँकही समुद्र नाही, आणि तिथे प्रवाळाला बाजूला सरकायला जागा नसते.

ओळखताना एक गफलत टाळा. नळी दिसली म्हणजे व्हर्मेटिड नव्हे. टोकाला पिसांचा छोटा तुरा असेल तर तो नळीत राहणारा किडा, निरुपद्रवी. काचेवर किंवा सम्पमध्ये (टँकखालच्या गाळणीच्या टाकीत) सपाट गुंडाळीचे पांढरे ठिपके असतील तर तेही किडेच, त्यांनाही राहू द्या. पंप पाच मिनिटं बंद करून बाजूने उजेड टाकला आणि नळीच्या तोंडाशी कोळिष्टकासारखा धागा दिसला, तर मात्र तीच.

उपाय? तिला प्रवाह जे आणून देतो ते कमी करा. टँकमध्ये भुकटी किंवा द्रवरूप खाद्य ओतायची हौस आवरा. प्रवाळांच्या नावाने दिलेलं पुष्कळसं खाणं याच जाळ्यांत जातं. स्किमर, म्हणजे फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, स्वच्छ ठेवा. मग हाताने काम: खडक बाहेर काढता येत असेल तर नळी मुळापासून तोडायची, नुसतं टोक मोडलं तर ती पुन्हा बांधते. काढता येत नसेल तर तोंडावर जेलच्या स्वरूपातल्या सुपरग्लूचा ठिपका देऊन बंद करायची. हाच गोंद प्रवाळाचे तुकडे चिकटवायला सर्रास वापरतात, पाण्यात तो झटकन घट्ट होतो आणि टँकला बाधत नाही. पातळ फेविक्विक मात्र पाण्यात पसरतं आणि बोटांनाच चिकटतं. काम कंटाळवाणं आहे, दर आठवड्याला थोडं थोडं करावं लागतं. एका रविवारात निकाल लावण्याची भाषा करणाऱ्याने टँक ठेवू नये.

दुसरी शत्रू उलट स्वभावाची: पिरॅमिडेलिड. दोन-तीन मिलिमीटरची पांढरी, टोकदार. हिच्या तोंडात रॅड्युला नाहीच. त्याऐवजी लांब सोंड, टोकाला सुई आणि मागे शोषून घेणारा पंप. म्हणजे ती खरवडत नाही, टोचून रस पिते. बळी कोण, तर ट्रायडॅक्ना, म्हणजे निळ्या-हिरव्या झालरीचे मोठे शिंपले, आणि ट्रोकस, टर्बोसारख्या शेवाळ खाणाऱ्या मोठ्या गोगलगायी. दिवसा ती शिंपल्याच्या बुडाशी दडते, रात्री झालरीच्या कडेला रांग लावते. शिंपला कारण नसताना मलूल होतोय, झालर पूर्ण उघडत नाही असं वाटलं तर दिवे गेल्यावर तासाभराने पाहावं. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावला तर हे निशाचर जीव कमी बिचकतात.

ही काचेवर शेवाळ चरताना दिसणार नाही, कारण शेवाळ तिच्या कामाचंच नाही. त्यामुळे माशांचं खाणं कमी करून तिच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. इथे बळीच साफ करावा लागतो. शिंपला टँकच्याच पाण्याच्या बादलीत घ्या आणि मऊ टूथब्रशने शंख घासा, खळगे आणि बूड विशेष करून, कारण अंड्यांचे जेलीचे ठिपके तिथे असतात. झालरीला ब्रश लावू नका. उबदार पाण्यात यांची वीण वर्षभर चालते, आणि ठाण्याच्या एप्रिल-मेमध्ये पाणी थंड ठेवणारा चिलर नसलेल्या टँकमधलं पाणी चांगलंच तापतं. म्हणून दर काही दिवसांनी तपासणी हवीच. सिक्सलाइन रॅस हा छोटा, सहा निळ्या रेघांचा मासा या गोगलगायी टिपून खातो. पण तो एकदा रुळला की नव्या माशांना जगू देत नाही. शिंपल्यासाठी गुंड पाळायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं.

तिसरी, हेलिॲकस, दिसायला सगळ्यांत देखणी. चपटा गोल शंख, त्यावर तपकिरी-पांढऱ्या चौकटी. ती झोॲन्थिड म्हणजे बटणासारख्या रंगीत पॉलिपांच्या वस्तीतच लपते आणि तेच खाते. वस्तीचा एक भाग दिवसेंदिवस मिटलेला दिसला तर तिथे चिमट्याने शोधा. हातमोजे आणि चष्मा घालून, कारण या कुळातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. 1971 मध्ये हवाईतल्या संशोधकांनी ते वेगळं करून दाखवलं. आणि कीड मारायची म्हणून असा खडक कधीही उकळू नका. वाफेतून घरातल्या माणसांना विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

मग औषध का नाही? गोड्या पाण्याच्या टँकवाले हा प्रश्न हमखास विचारतात. त्यांच्याकडे तांब्याची औषधं मिळतात. गंमत अशी की गोगलगायीच्या रक्तात प्राणवायू वाहणारं हिमोसायनिन हे प्रथिन तांब्यावरच चालतं, आणि पाण्यात विरघळलेलं जादा तांबं तिला मारतं. पण ते शिंपला, कोळंबी, प्रवाळ यांनाही मारतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम तांबं वापरतात, तेही वेगळ्या टँकमध्ये. रीफमधले बिनकण्याचे जीव त्याहून कमी मात्रेतही दगावतात. शिवाय चुनखडीचे खडक तांबं धरून ठेवतात आणि पुढे ते हळूहळू सोडत राहतात. म्हणून मिठाचं पाणी कालवायला आजीचा तांब्याचा हंडा घेऊ नये. आणि समजा एखादं विष फक्त गोगलगायींवर चाललं, तरी शेकडो शंखांत एकदम सडणारं मांस अमोनिया वाढवेल आणि मासे त्यात जातील.

‘हिला खाणारी दुसरी आणू’ हा मोहही तपासून घ्यावा. व्हर्मेटिड खाईल म्हणून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची बम्बलबी गोगलगाय विकली जाते. कुणाला फायदा होतो, कुणाकडे ती वाळूतले उपयोगी किडे खात बसते. याच मोरेआ बेटावर 1977 मध्ये जमिनीवरची राक्षसी आफ्रिकी गोगलगाय आटोक्यात आणायला युग्लँडिना ही शिकारी गोगलगाय सोडली होती. आफ्रिकी गोगलगाय तीच, जी 1847 मध्ये कोलकात्यात आणली गेली आणि आज पावसाळ्यात सोसायटीच्या भिंतीवर चढलेली दिसते. युग्लँडिनाने तिच्याऐवजी बेटावरच्या स्थानिक पार्टुला गोगलगायी खाल्ल्या, आणि दहा-एक वर्षांत जंगलातून त्या नाहीशा झाल्या. टँकमध्ये नुकसान निदान काचेच्या आत राहतं.

तेव्हा सगळ्यात स्वस्त उपाय दाराशीच. नवा तुकडा आला की त्याचा प्लग मोडून फेका, नव्यावर चिकटवा. आयोडीनच्या पाण्यात बुडवल्याने रांगणारे जीव सुटतात, अंडी मात्र बहुधा टिकतात. म्हणून चार ते सहा आठवडे लहान वेगळ्या टँकमध्ये ठेवा आणि रात्री भिंगाने बघा.

काढलेल्या गोगलगायी खाडीत किंवा तलावपाळीला सोडू नका. ठाणे खाडी 2022 पासून रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, आणि परक्या मृदुकायांचा, म्हणजे गोगलगायी-शिंपल्यांच्या कुळातल्या जीवांचा ताप आपल्या किनाऱ्याने आधीच पाहिलाय: मायटिलॉप्सिस हा परका शिंपला 1967 मध्ये विशाखापट्टणमला नोंदला गेला आणि पुढे मुंबई बंदरातही बस्तान बसवून राहिला. गोगलगायी पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग ओल्या कचऱ्यात टाका. घरच्यांना आधी सांगा, म्हणजे कोणी त्या तिसऱ्या समजून शिजवायला घेणार नाही.